गुहेतला मागूर : त्या डोहाचा की डोहामागच्या पाण्याचा?

शेवाळवाट

नामिबियाच्या उत्तर भागात ओतावी या गावाच्या परिसरात डोलोमाइट खडकाचे डोंगर आहेत आणि त्यांत एगामास नावाची एक गुहा आहे. गुहेच्या तळाशी एक चिंचोळा डोह आहे, ज्याचा उघडा पृष्ठभाग सुमारे १८ मीटर लांब आणि जेमतेम २.५ मीटर रुंद भरतो. म्हणजे रुंदी एका बसएवढी आणि लांबी दीड बसएवढी. या डोहात फिकट गुलाबी रंगाचा, मिशा असलेला एक मासा राहतो. त्याचे शास्त्रीय नाव क्लॅरियस कॅव्हर्निकोला असून १९३६ साली ब्रिटिश म्युझियममधील मत्स्यशास्त्रज्ञ एथेलविन ट्रेवावस यांनी त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. आपण ज्याला मागूर म्हणतो तो मासा याच क्लॅरियस प्रजातीतला (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट), त्यामुळे मी त्याला मनातल्या मनात गुहेतला मागूरच म्हणते.

हा मासा फार तर १६ सेंटिमीटर वाढतो. डोळे लहान आणि कातडीखाली बुजत गेलेले, अंगावर रंगद्रव्य जवळजवळ नाही. बाहेरून गुहेत पडणारे किडे, पालापाचोळा आणि वटवाघळांची विष्ठा यांच्या आधारे त्या डोहातले जीवन चालते. जगात दुसरीकडे कुठेही हा मासा सापडलेला नाही, संख्या काही शेंच्या घरात आहे, आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे.

गेले अनेक दिवस एकच प्रश्न मनात घोळतो आहे, म्हणून हा धागा काढला. दीड बसएवढ्या डोहात एखादी जात हजारो वर्षे तग धरू शकते का? की आपल्याला दिसतो तेवढा डोह म्हणजे फक्त एक खिडकी आहे आणि माशाचे खरे घर भिंतीपलीकडच्या भेगांत, आपल्याला न दिसणाऱ्या पाण्यात आहे? हा प्रश्न मला केवळ कुतूहलाचा वाटत नाही. घर कोणते हे ठरले तरच राखायचे काय, हेही ठरेल. जाणकारांनी लिहावे.

अक्षरवेल

वाचनखूण साठवली आहे. विषय माझ्यासाठी पूर्ण नवा आहे, त्यामुळे सध्या फक्त वाचते.

तळ्याकाठी

शेवाळवाटताई, अतिशय सुंदर विषय. मी बरीच वर्षे घरच्या टाकीत देशी मागूर पाळला आहे, त्यामुळे या कुळाविषयी अनुभवाचे दोन शब्द लिहितो.

मागुराला अंधाराची भीती कधीच नव्हती. रात्री खोलीतला दिवा मालवून टाकीच्या एका कोपऱ्यात गांडुळाचा तुकडा अलगद सोडावा आणि मंद लाल उजेडात पाहत बसावे. मासा तोपर्यंत कौलाच्या तुकड्याखाली निपचित पडलेला असतो. आधी मिशांची टोके हलतात. मागुराला मिशांच्या चार जोड्या असतात. त्यांतल्या दोन जोड्या तळाच्या वाळूवरून एखाद्याने बोटे फिरवावीत तशा फिरू लागतात. मग अंग सरकते, तोंड एकदा चुकीच्या दिशेला जाते, थांबते, पुन्हा वळते आणि तुकडा नेमका सापडतो. या सगळ्या शोधात डोळ्यांचा उपयोग नगण्य असतो. मार्जारमीनांच्या, म्हणजे मागूर ज्यांच्यात मोडतो त्या मिशाळ कॅटफिशांच्या, केवळ मिशांवर नव्हे, तर संपूर्ण कातडीवर चव ओळखणाऱ्या कलिका असतात, आणि जिवंत भक्ष्याच्या शरीरातून निघणारे अत्यंत क्षीण विद्युत्‌संकेत टिपणारी इंद्रियेही त्वचेत असतात. थोडक्यात, गुहेत शिरण्यापूर्वीच हा मासा गुहेत राहण्याच्या तयारीचा होता.

आता मूळ प्रश्नाकडे. घर कोणते यावर वाद घालत बसण्याऐवजी या माशांपैकी काही बाहेर काढून टाक्यांमध्ये त्यांची पैदास करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. काही शे मासे एकाच डोहात ठेवणे म्हणजे सगळी पुंजी एकाच मडक्यात ठेवण्यासारखे आहे. मडके फुटले तर काय उरेल?

कातळखूण

तळ्याकाठी यांच्या निरीक्षणाला दाद द्यावी तेवढी थोडी आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. कारण भूशास्त्राकडून सांगतो.

चुनखडी आणि डोलोमाइट हे खडक पाण्यात विरघळतात. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते, खडकातल्या भेगांत उतरते आणि लाखो वर्षांत त्या भेगा रुंद करत नेते. अशा प्रदेशाला कार्स्ट म्हणतात. ओतावी, त्सुमेब आणि ग्रूटफोंटेन यांच्या आसपासचा सगळा डोंगराळ पट्टा याच प्रकारचा आहे. त्याच पट्ट्यात ओचिकोटो आणि गिनास ही दोन खोल सरोवरे आहेत, जी प्रत्यक्षात जमिनीखालच्या पोकळ्यांचे छत कोसळून उघडी पडलेली भूजलाची दारे आहेत. ग्रूटफोंटेनजवळच १९८६ साली ‘ड्रॅगन्स ब्रेथ’ ही गुहा सापडली, जिच्यातल्या तळ्याचा विस्तार जवळजवळ २ हेक्टर आहे. बर्फाखालची सरोवरे सोडली तर ज्ञात भूमिगत तळ्यांत ते सर्वांत मोठे मानले जाते. वरून पाहिले तर तिथे कोरडे माळरान आणि काटेरी झुडपे दिसतात, आणि पायाखाली पाणी उभे असते.

आता एगामासचा डोह म्हणजे काय, ते पाहू. गुहेत जेवढा भाग भूजलाच्या पातळीखाली जातो, तेवढ्यात पाणी दिसते. हे पाणी वाटीत साठवल्यासारखे स्वतंत्र नाही. कागदावर एक उभी भेग काढा, तिच्यात अर्ध्यापर्यंत निळा रंग भरा, आणि मग तोच निळा रंग त्याच उंचीवर दोन्ही बाजूंच्या खडकातल्या बारीक फटींतही पसरवा. तेव्हा चित्र पूर्ण होते. म्हणूनच आसपासच्या बोअरमधून उपसा वाढला की गुहेच्या आत कोणी पाऊलही न टाकता डोहाची पातळी उतरते. या माशाला असलेल्या धोक्यांत भूजलाचा उपसा आणि त्यामुळे खाली जाणारी पातळी हाच धोका सर्वांत ठळक आहे. चिंचोळ्या भेगेत पाणी खाली गेले की उघडा पृष्ठभाग आक्रसतो, आणि वरून पडणारे अन्न जिथे पडत होते तिथे पाणीच उरत नाही.

म्हणून पुंजीचे मडके हा डोह नव्हे, संपूर्ण जलधर, म्हणजे भूजल धरून ठेवणारा सगळा खडक आहे. टाकीत वाढवलेले मासे परत सोडायचे कुठे, याचे उत्तर जलधर शाबूत असल्याशिवाय देता येणार नाही.

रानजाई

कातळखूण, कागदावरच्या भेगेचे उदाहरण लगेच समजले. मुलीला तसेच काढून दाखवले. धन्यवाद.

शेतकरी_एक

चर्चा वाचतो आहे. थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये.

मी कोरडवाहू भागातला माणूस आहे आणि बोअरला पाणी लागेल की नाही या धाकधुकीत रात्र काढणे म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. नामिबिया हा अत्यंत कोरडा देश आहे. तिथल्या माणसाने गुरांसाठी आणि पिकासाठी पाणी उपसले, तर काही शे आंधळ्या माशांसाठी त्याला थांबवायचे का? मासा वाचावा असे मलाही वाटते. परंतु वाचवण्याचा भार नेहमी जमिनीच्या जवळ राहणाऱ्यावरच का पडतो, याचे उत्तर अशा चर्चांमध्ये मला क्वचित मिळते.

कातळखूण

शेतकरी_एक, राग मानण्यासारखे यात काहीच नाही, आणि भार कोणावर पडतो हा तुमचा प्रश्न रास्तच आहे. मात्र त्या ठिकाणी मासा आणि शेतकरी हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत. दोघांचे पाणी एकाच भेगांतून येते. डोहाची पातळी जेव्हा वर्षानुवर्षे खाली जात राहते आणि पावसाळ्यानंतरही पूर्ववत होत नाही, तेव्हा उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त झाला आहे, असा त्याचा अर्थ असतो. आणि मग पुढच्या काही वर्षांत शेतकऱ्याचा पंपही खोल न्यावा लागतो. गुहेतला डोह ही त्या प्रदेशातली कोणी न खोदलेली निरीक्षण विहीर आहे.

जुनाआड

मी आफ्रिकेत कधी गेलो नाही, पण अशा एका माशाला दोन हात अंतरावरून पाहिले आहे. ते केरळात, त्यामुळे इथे लिहिणे अगदीच अस्थानी होणार नाही असे वाटते.

नोकरीच्या निमित्ताने कोट्टायम जिल्ह्यातल्या एका सहकाऱ्याच्या घरी दोन दिवस राहिलो होतो. घरामागे जांभ्यात खोदलेली विहीर, तिच्यावर पंप आणि वर टाकी, अशी तिथली नेहमीची व्यवस्था. स्वयंपाकघरातल्या नळाच्या तोंडाला त्यांनी पातळ सुती फडके बांधले होते. मी कारण विचारले तेव्हा सहकाऱ्याच्या आईंनी सांगितले की कधीकधी पाण्याबरोबर मासा येतो. मला वाटले, त्या आळ्यांविषयी बोलत असाव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारून बोलावले. पांढऱ्या वाडग्यात दोन पेरांएवढा लाल दोरा पडला होता आणि तो पोहत होता.

मी वाडगा खिडकीपाशी नेला. डोळ्यांच्या जागी डोळे नव्हते, खळगीही नव्हती, सगळीकडे सारखीच गुळगुळीत कातडी होती. लाल रंग कातडीचा नव्हता. कातडीला रंगच नसल्याने आतले रक्त दिसत होते, आणि कल्ल्यांपाशी तो लाल रंग जास्त गडद होता. तोंडाभोवती केसांहून बारीक मिशा होत्या. वाडग्याच्या कडेला मिशा टेकल्या की तो क्षणात वळे आणि पुन्हा कडेकडेने फिरे. खिडकीतल्या उन्हाची त्याला काही जाणीव असावी असे दिसले नाही. त्या माउलीने थोड्या वेळाने ते पाणी हलकेच बादलीत ओतले, बादली दोरीने विहिरीत सोडली आणि मासा परत गेला. त्यांच्या दृष्टीने हे नेहमीचे काम होते. मी मात्र तो दिवस विसरलो नाही.

नंतर वाचून कळले की तो होराग्लॅनिस असावा. कोट्टायमच्याच विहिरींतून मिळालेल्या माशांवरून ए. जी. के. मेनन यांनी १९५० साली होराग्लॅनिस कृष्णाई या जातीचे वर्णन केले. प्रजातीचे नाव भारतीय मत्स्यशास्त्राचे अध्वर्यू सुंदरलाल होरा यांच्यावरून आहे. आणि गंमत अशी की हा मासाही मागुराच्याच कुळात धरला जातो.

माझा प्रश्न असा : याला गुहेतला मासा म्हणावे का? तिथे गुहा कुठेच नव्हती.

तळ्याकाठी

जुनाआड, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. प्रश्नाचे उत्तर माझ्या मते ‘नाही’ असे आहे. गुहा म्हणजे माणूस आत शिरू शकेल अशी पोकळी. विहीर ही माणसाने खोदलेली, आणि मासा तिच्यात चुकून आलेला. दोन्ही प्रकारांची सरमिसळ केली तर शब्दांना अर्थ उरणार नाही.

कातळखूण

इथे मी पुन्हा असहमत. माणूस शिरू शकतो की नाही, हे माप माणसाचे आहे. तीन-चार सेंटिमीटरच्या माशाला बोटाएवढी नळी मिळाली तरी ती त्याच्यासाठी दालन आहे.

जांभा दगड ज्यांनी हातात घेतला आहे, त्यांना त्यातली भोके आठवतील. चिरा उचलून उजेडाकडे धरला तर काही भोके आरपार दिसतात. वरचा थर कठीण असतो, आतल्या भागातली मऊ माती पाण्याबरोबर वाहून जाते आणि नळ्यांचे जाळे तयार होते. पावसाळ्यात हेच जाळे पाण्याने भरते आणि विहिरींना झरे फुटतात. जांभ्याचे लॅटराइट हे नाव केरळातच पडले : फ्रान्सिस ब्युकॅनन या प्रवाशाने मलप्पुरम जिल्ह्यातल्या अंगाडिपुरम येथे चिरे काढताना पाहून, विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून ते दिले आणि १८०७ साली आपल्या प्रवासवर्णनात छापले. त्या जाळ्यातच हे मासे राहतात. विहीर खोदली म्हणजे आपण त्यांच्या दालनाची एक भिंत फोडली एवढेच.

अक्षरवेल

फक्त वाचेन म्हटले होते, पण नावांच्या बाबतीत गप्प राहवत नाही.

कॅव्हर्निकोला म्हणजे गुहेत राहणारा, हे लॅटिन सरळ आहे. पण इतर देशांतल्या अशा मार्जारमीनांची नावे पाहिली तर दुसराच शब्द वारंवार भेटतो. मेक्सिकोतल्या कोआव्हिला राज्यातून १९५४ साली वर्णन झालेला मासा प्रिएटेला फ्रिएटोफिला. ॲमेझॉनच्या मुखाशी असलेल्या माराजो बेटावरचा, १९०५ साली वर्णिलेला लालभडक मासा फ्रिएटोबियस सिस्टर्नारम. या ‘फ्रिएटो’च्या मुळाशी विहीर या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. म्हणजे पहिला झाला विहिरीवर प्रेम करणारा, आणि दुसरा विहिरीत जगणारा. शिवाय त्याचे ‘सिस्टर्नारम’ हे विशेषनामही हौदांचे, आडांचे असे सांगते. भूजलतज्ज्ञ जमिनीखालच्या पाण्याने पूर्ण भरलेल्या थराला ज्या शब्दाने ओळखतात तो ‘फ्रिॲटिक’ हा शब्दही याच मुळापासून आला आहे.

तेव्हा ज्यांनी ही नावे ठेवली, त्यांना विहीर आणि जमिनीखालचे पाणी यांचे नाते आधीच जाणवले होते असे म्हणायला हरकत नाही. जुनाआड, तुमचे सदस्यनाम या धाग्यासाठीच घेतले होते की काय, असे वाटून गेले!

जुनाआड

अक्षरवेलताई, नाही हो, ते गावच्या आडावरून घेतले आहे. पण आता त्याला ग्रीक आधार मिळाला याचा आनंद आहे.

निळावंती

डोळ्यांविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडे लिहिते. ‘अंधारात उपयोग नाही म्हणून डोळे गेले’ असे आपण सहज म्हणतो. डार्विननेही १८५९ साली गुहेतल्या प्राण्यांच्या डोळ्यांचा ऱ्हास न वापरामुळे झाला असेच मानले होते. परंतु न वापरलेली गोष्ट पुढच्या पिढीत आपोआप नाहीशी का व्हावी, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

आजचे उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग असा की उजेडात डोळे बिघडवणारा आनुवंशिक बदल झाला तर तो मासा मरतो आणि बदल तिथेच संपतो. अंधारात तसा बदल झालेला मासाही जगतो, त्यामुळे असे बदल साठत जातात. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. डोळा आणि मेंदूतला दृष्टीचा भाग चालवणे अतिशय खर्चिक असते. स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली मेक्सिकोतल्या एका छोट्या माशावर मोजमापे घेतली. तो मासा मार्जारमीन नाही, टेट्रा म्हणून ओळखला जाणाऱ्या गटातला आहे, परंतु त्याची डोळस आणि अंध अशी दोन्ही रूपे उपलब्ध असल्याने तुलना करता येते. विश्रांतीच्या अवस्थेतल्या एकूण ऊर्जेपैकी दृष्टीवर होणारा खर्च मोठ्या माशात ५ टक्के आणि अगदी लहान पिल्लात १५ टक्क्यांपर्यंत आढळला. जिथे अन्न म्हणजे वरून कधीतरी पडणारा किडा, तिथे १५ टक्के बचत हा जगण्या-मरण्यातला फरक ठरतो.

म्हणून या धाग्यात एकदोन ठिकाणी आलेला करुणेचा सूर मला पटत नाही. या माशाकडून काही हिरावून घेतलेले नाही. त्याने परवडत नाही ते सोडले आणि लागते तेवढे ठेवले. मागुराकडे मिशा, कातडीवरची चव आणि विद्युत्‌संवेदना आधीपासून होत्या, हे तळ्याकाठी यांनी लिहिलेच आहे; त्यामुळेच जगभर वेगवेगळ्या कुळांतले मार्जारमीन एकमेकांशी संबंध न येता जमिनीखाली गेले आणि दिसायला सारखे झाले. आफ्रिका आणि भारतात मागुराचे कूळ, उत्तर अमेरिकेत तिथले वेगळे कूळ, ब्राझीलच्या गुहांत तोंडाने दगडाला चिकटणाऱ्यांचे कूळ, थायलंडच्या गुहेत शिवड्याच्या कुळातला एक मासा. अभिसारी उत्क्रांतीचे याहून ठळक उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

शेतकरी_एक

‘आंधळ्या माशांसाठी’ असे मी लिहिले होते, ते शब्द मागे घेतो. निळावंतीताईंचा हिशेब पटला. कमी पाण्यात पीक घेणारा माणूस हे चटकन समजू शकतो.

पाणवठा

धागाकर्तीचा मूळ प्रश्न मध्येच राहून गेला, म्हणून पुन्हा तिकडे वळतो. डोह हे घर की खिडकी, याचा सर्वांत चांगला पुरावा अमेरिकेतून येतो.

टेक्ससमध्ये सॅन अँटोनिओ शहराखाली एडवर्ड्स नावाचा चुनखडीचा जलधर आहे. तिथल्या खोल आर्टेशियन विहिरींतून, जिथे पाणी स्वतःच्या दाबाने उसळून वर येते, दोन जातींचे अंध मार्जारमीन बाहेर फेकले गेले. एक दात नसलेला ट्रोग्लोग्लॅनिस पॅटरसनी, १९१९ साली वर्णिलेला. दुसरा रुंद जबड्याचा सेटन युरिस्टोमस, १९४७ साली वर्णिलेला. या विहिरी ३०० मीटरहून अधिक खोल आहेत. तिथे माणसाला उतरता येईल अशी गुहाच नाही. हे मासे माणसाने त्यांच्या घरी जाऊन कधी पाहिलेलेच नाहीत. तरीही त्या खोलीवर दोन वेगळ्या आहारांच्या दोन जाती नांदतात : दात नसलेला तळावरचा सूक्ष्मजीवांचा थर खरवडतो आणि रुंद जबड्याचा लहान जलचरांची शिकार करतो. एखाद्या बंद डबक्यात एवढी व्यवस्था उभी राहत नाही.

त्याहून बोलके उदाहरण अक्षरवेल यांनी उल्लेखलेल्या प्रिएटेला फ्रिएटोफिलाचे आहे. हा मासा साठ वर्षे फक्त मेक्सिकोतला म्हणून माहीत होता. २०१६ साली तो टेक्ससमध्ये, डेल रिओजवळच्या अमिस्टाड परिसरातल्या एका गुहेत पकडला गेला आणि तिथून सॅन अँटोनिओच्या प्राणिसंग्रहालयात नेला गेला. दोन्ही ठिकाणांच्या मध्ये रिओ ग्रांडे नदी आहे, जी दोन देशांची सरहद्द आहे. या माशाला डोळे नाहीत, नदीच्या उघड्या प्रवाहात तो टिकणार नाही. म्हणजे नदीखालच्या चुनखडीतून पाण्याची वाट असावी, असाच निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. नकाशावर जी दोन गावे दोन देशांत आहेत, ती माशाच्या दृष्टीने एका घराच्या दोन खोल्या ठरतात.

तळ्याकाठी

पाणवठा यांचा प्रतिसाद वाचून माझे आधीचे मत तपासून पाहिले. एगामाससारख्या ठिकाणाहून मासे उचलणे योग्य नाही, हे आता मान्य करतो. पाळणाऱ्याच्या नजरेने पाहिले तरी हे काम अवघड आहे : मागुराची पैदास पावसाच्या नव्या पाण्याने, उथळ पाणथळीने, तापमानाच्या चढउताराने सुरू होते, आणि गुहेतल्या माशासाठी यांपैकी कोणती खूण लागते हेच हाताशी नसताना काही शेंमधले दहा-वीस मासे प्रयोगासाठी खर्च करणे हा अन्याय होईल. फक्त एवढेच म्हणेन की जिथे विहिरीतून मासे आपणहून बाहेर येतात, तिथे ते जिवंत ठेवून अभ्यास व्हायला हवा.

पाणवठा

तळ्याकाठी, तसा अभ्यास झाला आहे आणि तो आपल्याच देशात झाला आहे. केरळातील मत्स्यविज्ञान विद्यापीठाच्या राजीव राघवन यांच्या गटाने सहा वर्षे गावोगावच्या लोकांना हाताशी धरून होराग्लॅनिसचा शोध घेतला. विहिरी उपसताना, टाक्या धुताना, नळाला फडके बांधून लोकांनी मासे मिळवले आणि कळवले. त्यातून ४७ नव्या ठिकाणांची नोंद झाली आणि ६५ नवे जनुकीय अनुक्रम मिळाले. त्या संशोधकांत पुण्यात दीर्घकाळ काम केलेले नीलेश डहाणूकर आणि जर्मनीचे राल्फ ब्रिट्झ हेही होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून एक नवी जातही पुढे आली आणि तिचे नाव होराग्लॅनिस पॉप्युली असे ठेवले गेले. पॉप्युली म्हणजे लोकांचा. प्रजातीतल्या एका जातीला अब्दुल कलाम यांचे नाव आहे, दुसरीला मत्स्यतज्ज्ञ अलीकुन्ही यांचे. पण हे चौथे नाव मला सर्वांत जवळचे वाटते.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मूळ प्रश्नाला भिडते. हे मासे फक्त पालघाट खिंडीच्या दक्षिणेकडच्या केरळात आणि बहुतांशी जांभ्याच्या पट्ट्यात सापडतात. दिसायला ते इतके सारखे आहेत की नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखणे कठीण, पण जनुकांत मात्र मोठे फरक आहेत. म्हणजे केरळात जमिनीखालचे पाणी सलग नाही. तिथे अनेक घरे आहेत आणि प्रत्येक घरातले कुटुंब फार पूर्वी वेगळे झाले आहे. एका तालुक्यातला जलधर बिघडला तर शेजारच्या तालुक्यातले मासे त्याची भरपाई करू शकणार नाहीत.

रानजाई

म्हणजे टेक्ससमध्ये नदी ओलांडणारे एक घर, आणि केरळात शेजारी असूनही वेगळी घरे. मग एगामासचे काय म्हणायचे?

कातळखूण

रानजाई, दोन्हींतला फरक खडकाचा आहे. चुनखडीत आणि डोलोमाइटमध्ये भेगा विरघळून लांबवर जोडल्या जातात. जांभा हा वरवरचा थर असतो, टेकडीटेकडीला तुटलेला, आणि मधल्या दरीत तो संपतो. एगामास डोलोमाइटमध्ये आहे, त्यामुळे माझा कौल जोडलेल्या भेगांच्या बाजूने आहे. पण शेजारच्या इतर गुहांमध्ये हा मासा सापडलेला नाही, हेही विसरून चालणार नाही. भेगा जोडलेल्या असल्या तरी अन्न सगळीकडे नसते. वरून किडे आणि विष्ठा पडेल असे उघडे तोंड जिथे आहे, तिथेच १६ सेंटिमीटरच्या माशाचे पोट भरते. म्हणून शेवाळवाट यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे : घर भिंतीपलीकडे पसरलेले असू शकते, पण चूल या डोहातच आहे. पाण्याची पातळी राखावी लागेल आणि गुहेचे तोंड व त्यातली वटवाघळेही राखावी लागतील. यांपैकी एकच राखून भागणार नाही.

शेवाळवाट

सर्वांचे मनापासून आभार. प्रश्न विचारताना मला वाटले होते की उत्तर दोनपैकी एक असेल. कातळखूण यांची चूल आणि घर ही विभागणी मला पुरेपूर पटली आहे, कारण तिच्यात शेतकरी_एक यांच्या बोअरलाही जागा आहे आणि वटवाघळांनाही. धाग्याचे शीर्षक मात्र तसेच ठेवते.

जुनाआड, एक विचारायचे राहिले. त्या घरी विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात का? आपल्याकडे जिला टीसीएल म्हणतात ती.

जुनाआड

शेवाळवाटताई, तुमचा प्रश्न वाचून काल संध्याकाळी सहकाऱ्याला फोन केला. पूर्वी पावसाळ्यानंतर पावडर टाकत असत, आता ते थेट विहिरीत न टाकता वरच्या टाकीत टाकतात, कारण एके वर्षी पावडर टाकल्यानंतर दुसऱ्या दिवशी विहिरीच्या पाण्यावर तीन मासे पांढरे पडून तरंगताना आईंनी पाहिले. तेव्हापासून टाकी धुणे, पाणी टाकीत शुद्ध करणे आणि प्यायचे पाणी उकळणे, असा क्रम त्यांनी स्वतःच ठरवला आहे. नळाचे फडके अजून आहे. दर आठवड्याला ते सोडून, उलटे करून, पांढऱ्या वाडग्यात झटकतात. गेल्या महिन्यात दोन मासे आले होते आणि दोन्ही बादलीतून विहिरीत परत गेले.